देवासच्या टेकड्यांवरचे पंखे आणि इंग्लंडच्या दोन तळटिपा

मागच्या श्रावणात ठाण्याहून आतेभाऊ सहकुटुंब आला होता, इंदूर दाखवून झालं, सराफ्यात पोटं फुटेस्तोवर खाऊन झालं, मग रविवारी सकाळी पोहे-जिलबी करून देवासला माताजीच्या टेकडीवर निघालो. देवासच्या बाजूला डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागतात, आम्ही त्यांना सरळ पंखेच म्हणतो. आतेभावाची मुलगी नववीत आहे, ती गाडीतून बघत म्हणाली, "काका, हे वीज खातात की बनवतात?" सगळे हसले. पण पाठोपाठ तिने जे विचारलं त्यावर मी गप्प झालो. म्हणाली, "फुकटची वीज आहे तर मग एवढेच का लावलेत?"

तिला तेव्हा "वारा सगळीकडे सारखा नसतो गं" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खोटं नव्हतं ते, पण पूर्ण खरंही नव्हतं. पूर्ण उत्तर लांबलचक आहे आणि त्यात वारा कमी आणि कागदच जास्त आहेत, म्हणून इथे लिहितोय.

आधी वाऱ्याचं उरकून टाकू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. म्हणजे एका टेकडीवर वारा ताशी १८ किलोमीटरने वाहतोय आणि दुसरीवर ३६ ने, तर दुसरीवरच्या वाऱ्यात आठपट ऊर्जा. म्हणून जागा निवडताना लोक एवढी डोकेफोड करतात, आणि म्हणूनच मशीन उंच उंच होत चाललीत, वर वारा जोरात आणि एकसारखा असतो. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था याची मोजणी करते. त्यांच्या हिशोबाने १५० मीटर उंचीवर आपल्या देशात ११६४ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) एवढी क्षमता आहे, आणि मार्च २०२५ पर्यंत आपण लावली होती ५० गिगावॅट. शंभरातले चार-पाच. आपल्या मध्य प्रदेशात त्यातले सुमारे ३ गिगावॅट, गुजरातेत साडेबाराच्या वर. तेव्हा वारा नाही म्हणून पंखे नाहीत, हे काही पटण्यासारखं नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते दोनच ठिकाणी. एक, कोण कोण "नाही" म्हणू शकतो. दुसरं, सवलतीची शेवटची तारीख काय आहे. बाकी सगळं या दोनातच कुठेतरी बसतं.

पहिल्याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याकडचं नाही, इंग्लंडचं आहे. तिथे २०१५ मध्ये निवडणूक झाली, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं सरकार आलं, आणि जूनमध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी नियोजनाचे नियम बदलले. बंदी असा शब्द कुठेच वापरला नाही बरं का. दोन अटी घातल्या फक्त. पहिली अट, स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, आराखड्यात ती जागा पवन ऊर्जेसाठी योग्य म्हणून आधीच दाखवलेली पाहिजे. दुसरी, आसपासच्या लोकांनी जे जे आक्षेप घेतलेत ते पूर्णपणे सोडवलेत आणि लोकांचा प्रकल्पाला पाठिंबा आहे, असं दाखवता आलं पाहिजे. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! लोकांना विचारूनच करा, यात वाईट काय?

आमच्या मल्टीत लिफ्टचा विषय आठ वर्षं चाललाय, त्यावरून सांगतो. (बाहेरच्यांसाठी, इंदूरमध्ये फ्लॅटच्या बिल्डिंगला मल्टी म्हणतात.) चार मजले, सोळा फ्लॅट. पंधरा जण हो म्हणतात. तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, उलट खिडकीसमोर खांब येईल. आता बहुमताने ठरवायचं असतं तर लिफ्ट कधीच लागली असती. पण आमच्या बैठकीत पहिल्याच वर्षी कुणीतरी चांगुलपणाने लिहून ठेवलं, "सर्वांचं समाधान झाल्यावर काम सुरू करावं." सर्वांचं समाधान! बस, तिथेच लिफ्ट मेली. काकूंचा दोष नाही त्यात, त्यांना खरंच खिडकी प्यारी आहे. दोष त्या वाक्याचा आहे.

इंग्लंडमध्ये अगदी हेच झालं. "पूर्णपणे सोडवलेत" या शब्दांमुळे कौन्सिलच्या अधिकाऱ्याला एका-दोघांचा आक्षेप सुद्धा पुरेसा झाला, आणि बँकेला तर तेवढीही गरज नाही. प्रकल्प शेवटच्या क्षणी पडू शकतो एवढं कळलं की ती पैसेच देत नाही, आणि पैसे नाहीत तर कंपनी अर्जच करत नाही. म्हणजे नकार फार द्यावेच लागले नाहीत, अर्जच आटले. या अटी कुठल्या मोठ्या कायद्यात नव्हत्या, नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणाच्या कागदात तळटीप म्हणून बसल्या होत्या, शेवटच्या आवृत्तीत ५७ आणि ५८ नंबरच्या. देशभरच्या पवनचक्क्या दोन तळटिपांनी थांबवल्या, आणि शेजारी स्कॉटलंडला हे नियम लागू नव्हते तर तिथे कामं चालू राहिली, ग्लासगोजवळ २०१५ च्या आधीच उभं राहिलेलं व्हाइटली नावाचं एकच पवनक्षेत्र आहे त्यात २१५ मशीन आणि ५३९ मेगावॅट. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे वारा तर तोच!

शिवाय पैशाचीही वाट बंद केली होती. तिथे सरकार ठराविक दराने वीज घ्यायचा करार लिलावाने देतं, त्या लिलावातून जमिनीवरच्या पवन ऊर्जेला २०१७ आणि २०१९ मध्ये बाहेरच ठेवलं, पुढच्या फेरीत परत घेतलं.

एवढ्यातूनही ब्रिस्टलजवळ अ‍ॅव्हनमाउथला लॉरेन्स वेस्टन नावाच्या वस्तीतल्या लोकांनी २०२३ मध्ये स्वतःच्या मालकीची एक पवनचक्की उभी केली, ४.२ मेगावॅटची, दीडशे मीटर उंच. श्रीमंत वस्ती नाही ती, घरं गरम ठेवायला पैसे पुरत नाहीत अशांची. मला हे उदाहरण आवडतं कारण "लोकांचा विरोध असतो" हे वाक्य आपण सगळे फार सहज फेकतो. शेजाऱ्याच्या पंख्याची घरघर ऐकायची असेल तर विरोध असणारच, पंखा आपला असेल आणि पैसे आपल्या वस्तीत येत असतील तर तीच घरघर जरा कमी ऐकू येते.

मग जुलै २०२४ ला लेबर पक्ष निवडून आला आणि निवडणुकीनंतर चारच दिवसांनी, ८ जुलैला, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी त्या अटी काढल्याचं जाहीर केलं. बांधायला काही नव्हतं, खर्च करायचा नव्हता, दोन तळटिपा खोडायच्या होत्या. त्यामुळे आता पवनचक्कीला इतर बांधकामासारखेच नियम, म्हणजे आक्षेप ऐकायचे, तोलायचे आणि निर्णय द्यायचा, पण एकट्याच्या हातात कुलूप नाही. पुढे १०० मेगावॅटच्या वरच्या प्रकल्पांचा निर्णय कौन्सिलऐवजी थेट केंद्र पातळीवर घ्यायचंही ठरलं. याबद्दल मी जरा साशंक आहे. गावाचा आवाज एकदम बारीक केला तर तो दुसरीकडून कोर्टात फुटतो, हे आपण भारतात बघतोच. ब्रिटनचं लक्ष्य आहे २०३० पर्यंत जमिनीवर २७ ते २९ गिगावॅट. तळटिपा एका सकाळी गेल्या, पण नऊ वर्षांत जे अर्जच झाले नाहीत, जे इंजिनिअर दुसऱ्या धंद्यात गेले, ते एका सकाळी परत येत नाहीत.

जर्मनी आणि पोलंडची गंमत वेगळी. बव्हेरिया राज्यात २०१४ ला आणि पोलंडमध्ये २०१६ ला नियम केला, की पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतरात घर नको. २०० मीटरचं मशीन असेल तर दोन किलोमीटर. आता नकाशावर प्रत्येक वस्तीभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, उरतं काय! पोलंडने २०२३ मध्ये ते कमीत कमी ७०० मीटरवर आणलं. जर्मनीने तर प्रश्नच उलटा केला, "कुठे नको" विचारत बसण्यापेक्षा राज्यांना सांगितलं की तुमच्या जमिनीपैकी मिळून २ टक्के पवन ऊर्जेसाठी दाखवा, २०३२ पर्यंत, कुठली ते तुम्ही ठरवा. मला हे फार पटतं. आमच्या मल्टीत पण "लिफ्ट हवी का" याऐवजी "लिफ्ट कुठल्या बाजूला" असं विचारायला पाहिजे होतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे उलटं आहे, इथे पवनचक्कीला पर्यावरणाच्या मोठ्या मंजुरीची, म्हणजे ती जनसुनावणी वगैरे असते तिची, गरजच लागत नाही, २००६ च्या नियमात पवन प्रकल्प नाहीतच. आपला अडथळा तारखेचा आणि पैशाचा आहे, आणि तो मी जवळून पाहिलाय.

२००७ च्या सुमारास मी राजवाड्याजवळ एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात कामाला होतो. आमचे एक क्लायंट होते, सेठजीच म्हणायचो, धंदा कापसाचा. एका मार्चमध्ये ते आले आणि म्हणाले, "भिया, एक पंखा ले लिया अपन ने." मला वाटलं घरासाठी. निघाली पवनचक्की, टेकडीवरची! त्यांनी ती जागा बघितली पण नव्हती. हिशोब साधा होता. तेव्हा पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेची टॅक्समधली वजावट, मिळायचा. मशीनची किंमत समजा एक कोटी, तर ८० लाख त्या वर्षीच्या नफ्यातून वजा, तीस टक्क्यांनी धरलं तर २४ लाखांचा टॅक्स वाचला. वर्षभरात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्मा घसारा. म्हणून सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर ही दोन्ही टोकं पंखेवाल्यांसाठी दिवाळीच असायची. आपल्या देवासजवळच्या नागदा टेकड्यांवर २५ मशीन आहेत, प्रत्येकी ६०० किलोवॅट, एकूण १५ मेगावॅट. ती सुरू झाल्याची तारीख सांगू? ३१ मार्च २००८. वारा तर इथे पावसाळ्यात सुटतो.

यात एक गोची होती. सेठजींना सूट मशीन घेतल्याची मिळत होती, वीज तयार झाल्याची नाही. पंखा फिरतोय का, किती फिरतोय, त्यांनी मला कधीच विचारलं नाही, मी पण नाही. मग सरकारने दुसरी योजना आणली, तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, ती बरी होती. पण एप्रिल २०१२ ला ८० टक्के घसारा १५ वर आणला आणि त्याच सुमारास ५० पैसेवाली योजनाही संपली, दोन्ही एकदम! आदल्या वर्षी देशात सुमारे ३२०० मेगावॅट लागले होते, त्या वर्षी १७०० च्या आसपास. मग घाबरून ५० पैसे २०१३ ला परत, ८० टक्के २०१४ ला परत, आणि २०१७ ला परत घसारा ४० वर, ५० पैसे बंद. नळाला पाणी कधी येईल हे न सांगणाऱ्या नगरपालिकेसारखं चाललं होतं, लोक मग मिळेल तेव्हा बादल्या भरून ठेवतात.

२०१७ ला खरा हादरा बसला. तोवर राज्याचा वीज आयोग दर ठरवून द्यायचा, युनिटला चार ते सहा रुपयांच्या दरम्यान, राज्याप्रमाणे. फेब्रुवारीत पहिला लिलाव झाला, उलटा लिलाव, म्हणजे जो कमी दरात देईल त्याला काम. दर निघाला ३ रुपये ४६ पैसे. डिसेंबरात गुजरातेत २ रुपये ४३ पैसे. ग्राहक म्हणून आपण खूष, आणि खूष व्हायलाच पाहिजे. पण मधल्या काळात राज्यांच्या वीज कंपन्यांनी जुन्या दराने करार करणं थांबवलं आणि नवे लिलाव अजून बसले नव्हते, त्यामुळे २०१६-१७ ला साडेपाच हजार मेगावॅटचा विक्रम आणि पुढच्याच वर्षी अठराशेच्या खाली. छोटे सेठजी लोक त्या दिवसापासून या धंद्यातून उठले, दोन मेगावॅटवाला त्या लिलावात बसूच शकत नाही. पुढे बरीच वर्षं असंच रखडत गेलं, २०२४-२५ ला कुठे परत चार हजारांच्या वर गेलो.

आंध्रात तर २०१९ मध्ये नव्या सरकारने झालेलेच करार परत उघडायला काढले, दर फार आहेत म्हणून. हायकोर्टाने मार्च २०२२ ला ते रद्द करून ठरलेल्या दरानेच पैसे द्यायला सांगितले, पण तीन वर्षं गेली ना. पंचवीस वर्षांच्या कराराचं असं होणार असेल तर बँक व्याज वाढवूनच लावणार, आणि ते शेवटी आपल्याच बिलात येतं.

आता बँकिंग, हा शब्द नेहमी चुकीचा समजला जातो. समजा पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याने स्वतःसाठी पवनचक्की लावली. वारा आषाढ-श्रावणात, वीज पाहिजे बारा महिने. मग पावसाळ्यातली जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे तारांच्या सामाईक जाळ्याला, द्यायची आणि नंतर परत घ्यायची, याला म्हणतात बँकिंग. हळदी-तिखटाचं वर्षाचं साठवण असतं ना, तसं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राचे ग्रीन ओपन ॲक्सेसचे नियम आले, म्हणजे मोठ्या ग्राहकाने स्थानिक वीज कंपनीऐवजी थेट हिरवी वीज बनवणाऱ्याकडून घ्यायचे, ते चांगले आहेत, आधी एक मेगावॅटच्या वरच्यालाच बाहेरून हिरवी वीज घेता यायची ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, आणि १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. हे मला सगळ्यात आवडलेलं कलम, फाइल दाबून ठेवायची सोयच काढली. पण बँकिंग महिन्याचं ठेवलं, म्हणजे श्रावणातली वीज श्रावणातच वापरा. सौरवाल्याला चालतं, त्याचं ऊन रोजचं आहे. पवनवाल्याने मार्चसाठी काय ठेवायचं? वीज कंपनीची बाजूही आहे, पावसाळ्यात स्वस्तातली वीज ठेवून उन्हाळ्यात महागातली परत द्यायची तर तोटा कुणाचा, तो बाकी ग्राहकांवरच येतो. यात मी अजून कुठल्या बाजूला आहे ते मलाच ठरवता येत नाहीये.

तारांचं प्रकरण तर अजून मोठं. मशीन दोन वर्षांत उभं राहतं, मोठी लाइन त्यापेक्षा जास्त वेळ घेते, कारण ती शंभर गावांतून जाते. शेतकऱ्याच्या शेतात टॉवर येतो आणि वरून तार गेल्यामुळे बाकी जमिनीची पण किंमत पडते, मोबदला मात्र वर्षानुवर्षं चिल्लर. जून २०२४ ला केंद्राने सांगितलं, टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के द्या. याला मी खरं अडथळा काढणं म्हणतो, विरोध करणाऱ्याला पोलीस न दाखवता पैसे दाखवले. आणि इथे पण तारीख आहेच, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचं भाडं माफ होतं ते ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांनाच पूर्ण, नंतर दरवर्षी २५ टक्क्यांनी माफी कमी. झाली परत मार्चअखेरसारखी पळापळ.

सगळे अडथळे काढून टाकण्यासारखे नसतात हेही सांगायला पाहिजे. माळढोक पक्षी, सोलापूरकडच्या लोकांना नान्नजच्या अभयारण्यामुळे माहीत असेल. पंधरा किलोपर्यंत वजन, समोरचं नीट दिसत नाही, उडताना तारांना धडकतो आणि मरतो. देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ ला राजस्थान-गुजरातच्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरमध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. एवढी मोठी लाइन एवढ्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्याच जमण्यासारखं नाही असं सरकारने सांगितलं, मार्च २०२४ ला कोर्टाने तो सरसकट आदेश बाजूला ठेवून तज्ज्ञांची समिती नेमली. पक्षी जिथे खरंच आहे तिथे कडक, बाकी ठिकाणी सैल, हेच आधी करता आलं असतं. वीजवाले माळढोकाला अडथळा म्हणतात तेव्हा मला राग येतो, तो आधीपासून तिथे राहतोय.

आणि आपल्या टेकड्या? चांगल्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा देशभर जुन्या बुटक्या मशीनांनी अडवून ठेवल्यात. ६०० किलोवॅटच्या २५ मशीनचं काम आता ३ मेगावॅटची ५ मशीन करतात, आणि वर जास्त वारा पकडतात ते वेगळंच. याला रिपॉवरिंग म्हणतात, आपल्या देशात दोन मेगावॅटच्या खालची मशीन बदलून २५ गिगावॅटच्या वर होऊ शकतं असा पवन ऊर्जा संस्थेचाच अंदाज आहे. २०१६ ला धोरण आलं, फारसं काही झालं नाही, डिसेंबर २०२३ ला नवं आलं. अडतं काय, तर एका टेकडीवर वीस मशीन आणि त्यांचे बारा मालक, प्रत्येकाचा करार वेगळा, दर वेगळा, संपायचं वर्ष वेगळं. जुनी मल्टी पाडून नवी बांधण्यासारखंच, सगळ्यांच्या सह्या पाहिजेत.

सेठजी चार वर्षांपूर्वी गेले. मुलाचा मध्यंतरी फोन आला, पप्पांच्या नावावर टेकडीवर काहीतरी आहे म्हणे, कुठल्यातरी कंपनीचं संमतीपत्र आलंय, सही करायची का. तो आता दुबईला असतो. म्हटलं आधी वारस म्हणून तुझं नाव चढवावं लागेल, मूळ करार शोध. पांढऱ्या फायलीत होता तो, पण ऑफिस बदललं तेव्हा त्या फायली कुठे गेल्या हे मलाही आठवत नाहीये.